अडकलेला आवंढा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच दिवशी, याच जागी मी उभी होते. हातात मंडळाच्या वर्षभराच्या कामाचा अहवाल होता आणि तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले होते. पुढे काय झाले ते तुमच्यापैकी बऱ्याचजणींना आठवत असेल. "मागील वर्षी आपल्या मंडळाने" एवढे चार शब्द वाचले आणि माझा आवाज बंद झाला. कुणी पाणी आणले, कुणी पंखा माझ्याकडे वळवला. मी घशाकडे बोट दाखवले, "घसा बसलाय" असे कसेबसे पुटपुटले आणि खाली बसले. अहवाल मग दुसऱ्या ताईंनी वाचला.

भगिनींनो, माझा घसा बसला नव्हता. काय झाले होते ते सांगण्यासाठी आज मी आपण होऊन बोलायला उभी राहिले आहे. मी काही विदुषी नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. पापड लाटणारी, संसार करणारी बाई आहे. तेव्हा भाषणात चुका होतील, त्या पोटात घाला.

त्याच रात्री, दोनच्या सुमारास, मला जाग आली ती छातीत धडधड होऊन. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, हातपाय गार पडले. आपले आता काही खरे नाही असे वाटले. घरच्यांनी तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेले. छातीची पट्टी काढली, रक्त तपासले, पुढे थायरॉईडचीही तपासणी झाली. सगळे ठीक. पुढल्या महिन्यात असे आणखी तीनदा झाले. दरवेळी धावपळ आणि दरवेळी तेच उत्तर. एका ठिकाणी तर मला सांगितले, "तुम्हांला काही झालेले नाही, उगीच मनावर घेऊ नका." आता हे 'मनावर न घेणे' कोणत्या औषधाच्या दुकानात मिळते, ते मात्र कुणी चिठ्ठीवर लिहून दिले नाही!

सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, तेव्हा दृष्ट मोठी आहे असे ठरले. त्यांच्या मायेला मी नावे ठेवत नाही. त्या माऊलीने निदान "काही झालेले नाही" असे तरी म्हटले नाही.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट सांगितले. "हृदय चांगले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण तुम्हांला जो त्रास होतो तो खरा आहे, तुम्ही सोंग करत नाही. मन जेव्हा बोलत नाही तेव्हा शरीर बोलते. तुम्ही एकदा समुपदेशकांकडे जा." आणि त्यांनी पनवेलच्या एका बाईंचा पत्ता दिला.

समुपदेशक म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. वेड्यांचे डॉक्टर असावेत असे वाटले. शेजारी विचारतील म्हणून घरात असे ठरले की, मी पनवेलला डोळे तपासायला जाते असे सांगायचे. आठ वेळा गेले. माझे डोळे इतक्यांदा का तपासावे लागतात, याची आमच्या आळीत बरीच काळजी झाली! त्या सगळ्या शेजारणी आज इथे आहेत, त्यांची मी क्षमा मागते.

पहिल्या दिवशी मी तिथे गेले तर साधी खोली, दोन खुर्च्या, खिडकीत तुळशीची कुंडी. बाई माझ्याच वयाच्या. "काय होते?" म्हणाल्या. मी सुरू झाले. घरातली कामे, महागाई, गणपतीच्या हंगामात आळीत चालणारी रात्रंदिवस गडबड, लेकीचा अबोला. एका दमात सगळे सांगितले. त्यांनी मध्ये तोडले नाही. मग हळूच विचारले, "हे सांगताना तुमचा उजवा हात कुठे आहे?"

बघते तो हात गळ्यावर! केव्हा गेला मला कळलेसुद्धा नव्हते.

"तिथे काय वाटते?"

"आवंढा अडकल्यासारखा वाटतो."

"केवढा?"

हा काय प्रश्न झाला? पण नीट लक्ष दिले आणि म्हणाले, "सुपारीएवढा."

"बरे," त्या म्हणाल्या. "आता त्याला घालवायची घाई करू नका. आजारी मुलाच्या उशाशी आपण बसतो ना, तशा त्याच्याजवळ नुसत्या बसा. काही करायचे नाही. तो आहे, एवढे कळू द्या."

खरे सांगते, परत येताना गाडीत मला हसू आले आणि रागही आला. गाडीभाडे आणि फी खर्चून मी सुपारीजवळ बसून आले! पापडांच्या पैशांतून साठवलेले ते पैसे होते. पण त्या रात्री पाच महिन्यांत पहिल्यांदा मी सलग झोपले, म्हणून पुन्हा गेले.

तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारले, "या आवंढ्याला बोलता आले असते तर काय म्हणाला असता?" मी विचार केला नाही. तोंडातून आपोआप निघाले, "गिळून गिळून दमलो, असे म्हणाला असता." आणि मी जी रडू लागले ती थांबेचना.

काय गिळले होते ते आता सांगते.

माझे माहेर रोह्याचे. रोह्यात वाढलेल्या मुलांना चिंतामणराव देशमुखांचे नाव लहानपणीच ऐकायला मिळते. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आमच्या गुरुजींनी ते सांगितले की आम्हां मुलांची छाती फुगायची. मीही अभ्यासात बरी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झाले, आठवीला हायस्कुलात जायचे, गणवेश शिवून आला होता. तेवढ्यात आईचे दुखणे वाढले. तिच्या छातीत कळ यायची, दातखिळी बसायची. तिला बाहेरचे काही लागले असे ठरून एका भगताकडे अंगारे-धुपारे झाले. घरात दोन लहान भाऊ. वडील म्हणाले, "यंदा राहू दे, पुढल्या वर्षी बघू." ते पुढले वर्ष काही आले नाही. चूल, धुणे, भावांचे डबे यांत दिवस गेले आणि मग लग्न होऊन मी पेणला आले.

इथे मला कुणी शिक्षणावरून बोलले नाही. बोलणारी मीच होते, मनातल्या मनात. लेकीला शाळेत घालताना अर्जात 'आईचे शिक्षण' असा रकाना होता. बाईंनी विचारले आणि मी म्हटले, "दहावी." एकदा लिहिले ते लिहिले. पुढे दरवर्षी दहावी. लेक स्वतः अर्ज भरू लागली तेव्हा तीही दहावीच लिहू लागली. आपल्या मंडळाच्या नोंदवहीतही मी दहावीच लिहून दिले.

गेल्या वर्षी वर्धापनदिनाच्या आठवडाभर आधी लेक दाखल्यासाठी कागद शोधत होती. ट्रंकेच्या तळाशी तिला माझा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. तो हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटले, आता ही हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू सातवी शिकलीस याची मला लाज नाही वाटत. पण तू सोळा वर्षे माझ्याकडून खोटे लिहून घेतलेस." आणि तिने बोलणे टाकले.

त्यानंतर सातव्या दिवशी मी इथे अहवाल वाचायला उभी राहिले. समोर पदवीधर भगिनी, शिक्षिका, मागच्या रांगेत माझी लेक. आवाज कसा फुटावा?

हे सगळे त्या बाईंना सांगून झाल्यावर मला वाटले, आता त्या म्हणतील, "अहो, तुम्ही फार थोर आहात, सातवी शिकून केवढा संसार केलात!" माणसाला बरे वाटावे म्हणून आपण असेच बोलतो ना? पण त्यांनी माझी स्तुती केली नाही. त्यांनी माझ्याकडून एका कागदावर दोन रकाने करून घेतले. म्हणाल्या, "यात चूक कोणती आणि नुसती घडलेली गोष्ट कोणती, ते वेगळे करा."

भगिनींनो, तांदळातले खडे निवडावेत तसे मी ते निवडले. खोटे सांगितले, ही चूक. ती माझी, आणि ती दुरुस्त करता येते. सातवीनंतर शाळा सुटली, ही चूक नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या पोरीने आजारी आईचे घर सांभाळले, त्यात लाजण्यासारखे काय? पण मी इतकी वर्षे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून गळ्यात अडकवून फिरत होते.

त्यांनी मला सांगितले की, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरी अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली एक उपचारपद्धती काढली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात आणि ती मराठी वाचकांपर्यंत नेण्याचे काम कि. मो. फडके यांनी केले. तिचे एक सूत्र असे की, माणसाच्या कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. भाजी खारट झाली तर भाजी खारट झाली, बाई खारट होत नाही! स्वतःचा स्वीकार म्हणजे आपले सगळे चांगलेच म्हणणे नव्हे. चूक चूक म्हणून कबूल करायची, पण त्या पायी स्वतःला हाकलून द्यायचे नाही.

हे डोक्याला पटले. पण गंमत अशी की, डोक्याला पटले तरी गळ्याला पटत नाही. शाळेचा विषय निघाला की आवंढा हजर. म्हणून त्या शरीराकडे इतके लक्ष द्यायला सांगत. शिकागोचे युजीन जेंडलिन यांनी मानसोपचारांची ध्वनिमुद्रणे ऐकून शोध घेतला की, काहींना गुण येतो आणि काहींना येत नाही, तो का. त्यांना असे दिसले की, ज्यांना गुण येतो ते फार हुशारीने बोलत नाहीत. ते मध्येच थांबतात, चाचपडतात, "नाही, असे नव्हे, छातीत काहीतरी..." असे म्हणत नेमका शब्द शोधतात. १९७८ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. ऐकून मला धीर आला. चाचपडण्यात मी कुणाला हार जाणार नाही!

बरे, ही सगळी परदेशची विद्या आहे असे समजू नका. आपला घाट चढून गेले की लोणावळ्याला कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते स्थापन करून योगाचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांचे डोके असह्य दुखायचे. औषधांनी भागेना, म्हणून १९५५ साली ते उ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला विपश्यनेचे मोठे केंद्र उभे राहिले. श्वास पाहणे आणि अंगावर काय काय जाणवते ते शांतपणे पाहणे, हा तिचा गाभा. पुढे १९७९ साली जॉन काबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय विद्यापीठात, औषधांनी न भागणाऱ्या दुखण्यांच्या रोग्यांसाठी वर्ग काढला. त्यात बौद्ध ध्यान आणि आपला योग दोन्ही होते. म्हणजे आपल्याकडचे बी तिकडे रुजले आणि त्याचे रोप पनवेलमार्गे माझ्यापर्यंत आले! या लक्ष देण्याला आता 'सजगता' असे नाव आहे.

धडधड का होते तेही मला समजावून सांगितले, ते तुम्हांला सांगते, कारण समजले की निम्मी भीती जाते. वाघ समोर आला तर शरीर पळायची तयारी करते. हृदय जोरात चालते, स्नायू ताठ होतात, श्वास भराभर होतो. मनाला लागलेली लाज किंवा भीती शरीराला वाघासारखीच वाटते. पळायला जागा नसते, म्हणून ती तयारी अंगातच घुमत राहते. श्वास फार भराभर घेतला की रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, घेरी येते. आपण त्याला मरण समजतो आणि आणखी घाबरतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून अशा वेळी श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यायचा. गरम चहावर फुंकर घालतो तसा, सावकाश.

आता मी रोज काय करते ते सांगते. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. पापड लाटायला बसले की आधी बूड आणि पाय जमिनीला टेकले आहेत हे जाणून घेते. मग एक लाटी घेते. ती गार आहे की कोमट, मऊ आहे की चिवट, लाटण्याखाली कशी पसरते, तिकडे लक्ष. मन लगेच पळते. कधी अर्जाच्या रकान्याकडे, कधी कुणाच्या बोलण्याकडे. पळाले की त्याला रागवायचे नाही. गोठ्यातून सुटलेल्या वासराला परत आणावे तसे लाटीवर आणायचे. पहिल्या दहा पापडांत वीस वेळा पळते, त्याची खंत नाही. कुठे पीळ पडला असला, गळा, खांदे, पोट, तर तिथे मनातून म्हणायचे, "आहेस ना? असू दे." एवढेच. पूर्वी मी त्या आवंढ्याला "जा, मर" म्हणत होते. तो माझाच गळा होता, हे ध्यानात आले नव्हते.

पाचव्या भेटीनंतर मी लेकीसमोर बसले. पाय जमिनीला टेकवले आणि म्हटले, "तुझ्याकडून मी खोटे लिहून घेतले, ते माझे चुकले. त्याची मी माफी मागते. सातवीची माफी मात्र मागत नाही." ती काही बोलली नाही. उठून आत गेली. मला वाटले, संपले. थोड्या वेळाने दोन कप चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मग आठवीचा गणवेश कसा होता ते सांग."

त्या गणवेशामुळेच मी रोह्याला गेले. सकाळची गाडी धरली. कासू, नागोठणे, निडी ही स्टेशने एकेक मागे पडत होती आणि आईला काय विचारायचे ते मी मनात जुळवत होते. घरी पोहोचले तर आई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. मीही सूप पुढे ओढून सोलू लागले. बऱ्याच वेळाने विचारले, "आई, तुला तेव्हा व्हायचे ते कुठे व्हायचे गं?"

तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. भगताने विचारले नाही, वडिलांनी विचारले नाही, मीही विचारले नाही. सगळ्यांनी 'काय लागले' ते शोधले, 'कुठे लागले' ते नाही. तिने वालाचा हात थांबवला, फासळ्यांच्या खाली ठेवला आणि म्हणाली, "इथे. पाटा ठेवल्यासारखा."

"कधीपासून?"

"धाकटी गेली तेव्हापासून."

मी सातवीत असताना मला एक बहीण झाली होती. चाळीस दिवसांची होऊन गेली. तिचे नाव घरात पुन्हा कुणी घेतले नाही. "दोन मुलगे आहेत, रडतेस कशाला" असे आईला सांगितले गेले. तिने रडणे गिळले, ते पाट्यासारखे बसले. मी गिळले ते सुपारीएवढे, तिने गिळले ते पाट्याएवढे. मायलेकींचा रोग एकच, गिळण्याचा.

मग ती आपण होऊन म्हणाली, "तुझा गणवेश मी पुष्कळ वर्षे पेटीत ठेवला होता. पुढल्या वर्षी लागेल म्हणून. मग त्याच्या पिशव्या शिवल्या." मी काही बोलले नाही. बाईंनी शिकवले होते, दुसऱ्याच्या दुःखावर लगेच सल्ल्याचे झाकण घालू नये. आम्ही दोघी वाल सोलत बसलो. निघताना तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या लग्नात फिरवला होता, त्यानंतर आत्ताच.

आता काही गोष्टी स्पष्ट सांगते, कारण माझे ऐकून कुणी भलतेच करू नये. छातीत दुखले तर आधी डॉक्टरांना दाखवा, श्वास मोजत घरी बसू नका. माझीही आधी तपासणी झाली, मगच हे. ज्यांना मनाच्या आजारावर गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. समुपदेशन वेगळे, औषध वेगळे, आणि पुष्कळदा दोन्ही लागतात. डोळे मिटून शांत बसणे सगळ्यांना सोसतेच असे नाही. ज्यांच्यावर फार भयंकर प्रसंग गुदरले आहेत त्यांना ते सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि जाणकार माणसाच्या सोबतीनेच हे करावे.

खर्चाची काळजी वाटेल, तर तेही सांगते. २०१७ साली मानसिक आरोग्याचा कायदा झाला आणि तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. मनाच्या आजारावर सरकारी उपचार मिळणे हा त्यात आपला हक्क मानला आहे आणि आपली माहिती गुप्त ठेवणे हेही त्यात आहे. आपल्याला अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. रात्री-बेरात्री केव्हाही फोन करा, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक पंचांगाच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवा. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, तीही आपल्याला फार लांब नाही.

मी आता अगदी बरी झाले का? तर नाही. आवंढा अजून येतो. आत्तासुद्धा, इथे उभी राहिले तेव्हा आला होता. हात गार पडले होते. पण पूर्वी तो आला की मी पळायची, आता त्याला शेजारी पाट मांडते. सुपारीची आता वालाएवढी झाली आहे, आणि वालाएवढ्याने आमच्या घरात कुणाचे अडत नाही!

लेक म्हणते, १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बस. अजून मी ठरवलेले नाही. बसले तर हौस म्हणून बसेन, प्रायश्चित्त म्हणून नाही. आणि बसले नाही तरी माझे काही कमी होणार नाही, हे मला आता समजले आहे.

मंडळाकडे माझे एकच मागणे आहे. महिन्याच्या सभेत पाककृती होतात, भजने होतात, त्यात अर्धा तास आणखी घालावा. ज्या भगिनीला बोलायचे असेल तिने बोलावे, नसेल तिने नुसते बसावे. अट एकच, सल्ला द्यायचा नाही. आणि ऐकलेले त्या दाराबाहेर न्यायचे नाही. आम्हां बायकांना हे जड जाईल, पण सवयीने जमेल.

आज कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी मी कार्यवाह ताईंकडून मंडळाची नोंदवही मागून घेतली. माझ्या नावापुढचे 'दहावी' खोडले आणि माझ्या हाताने 'सातवी' लिहिले. अक्षर बरे आले आहे.

आणि कार्यवाह ताई, आपली हरकत नसेल तर यंदाचा अहवाल मी वाचते.